सही न मागणारा परवाना

कायद्याचा कागद उघडावा आणि त्याच्या पहिल्याच कलमाचा क्रमांक शून्य निघावा, असं सहसा होत नाही. ग्नू जनरल पब्लिक लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीत तसं आहे. जून १९९१ चा हा मजकूर. संगणकाच्या धंद्यातले लोक त्याला जीपीएल म्हणतात. कलम शून्य, मग एक, दोन, असं करत बारापर्यंत. प्रोग्रामर यादी शून्यापासून मोजतात, वकील एकापासून. हा कागद कुणाच्या हातचा आहे हे पहिलं वाक्य वाचण्याआधी आकड्यानंच कळतं.

मी हा मजकूर कामासाठी म्हणून वाचायला घेतला आणि पुढे गोडीनं वाचत राहिलो. आपल्याकडे रसग्रहण म्हटलं की कविता, फार तर ललित निबंध. पण चांगल्या गद्याकडून आपण जे मागतो ते सगळं इथे आहे: नेमका शब्द, मागच्या वाक्यानं पुढच्याचा भार पेलणं, बोलणाऱ्याचा आवाज शेवटपर्यंत टिकणं. शिवाय या गद्यातला एकेक शब्द कोर्टात घासून पाहिला गेला आहे. तसं भाग्य फार थोड्या गद्याला लाभतं.

अँड्रॉइड फोन असेल तर हा मजकूर तुमच्या खिशातच आहे. सेटिंग्जमध्ये फोनविषयीची माहिती उघडा, त्यात कायदेशीर माहिती, त्यात ओपन सोर्स लायसन्सेस. अंगठा दुखेपर्यंत खाली सरकत राहावं लागतं. मध्ये कुठेतरी हे नाव येतं, कारण फोनच्या बुडाशी लिनक्सचा गाभा आहे आणि लिनक्स याच परवान्याखाली वाटलं जातं. दुसरीकडे आपण ज्या अटी न वाचता ‘मान्य’ करतो, त्या आपल्याकडून काहीतरी काढून घेण्यासाठी लिहिलेल्या असतात. या मजकुराची प्रस्तावना नेमक्या याच तक्रारीनं सुरू होते: बहुतेक सॉफ्टवेअरचे परवाने तुमचं स्वातंत्र्य काढून घेण्यासाठी बनवलेले असतात, हा ते राखण्यासाठी बनवला आहे.

लेखक रिचर्ड स्टॉलमन, एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतले प्रोग्रामर. तिथल्या अडकणाऱ्या लेझर प्रिंटरची आणि त्याचा सोर्स कोड द्यायला नकार मिळाल्याची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. हा परवाना समजून घ्यायला मला त्याहून इमॅक्सची गोष्ट उपयोगी वाटते. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मोकळ्या सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, जानेवारी १९८४ मध्ये नोकरी सोडली, आणि पहिलं मोठं काम हाती घेतलं ते ग्नू इमॅक्स या मजकूर-संपादकाचं. त्यात त्यांनी जेम्स गॉस्लिंग यांच्या इमॅक्समधला काही भाग घेतला होता. हेच गॉस्लिंग पुढे जावा या भाषेचे जनक झाले. आधी ते आपला प्रोग्राम मोकळेपणी वाटत. पुढे त्यांनी हक्क युनिप्रेस या कंपनीला विकले, आणि कंपनीनं स्टॉलमन यांना तो भाग वाटू नका असं कळवलं. १९८५ मध्ये त्यांना पडद्यावर मजकूर उमटवणारा तो सगळा कोड काढून नव्यानं लिहावा लागला.

सद्भावनेनं दिलेली वस्तू सद्भावना संपली की परत मागता येते, हे त्यांना तिथे कळलं. आधी इमॅक्सपुरता, मग १९८९ मध्ये सगळ्या प्रोग्रामांसाठी एक, आणि १९९१ मध्ये ही दुसरी आवृत्ती, असा परवाना घडत गेला. त्यातली जवळजवळ प्रत्येक अट त्या एका अनुभवाचं उत्तर आहे: दिलेलं पुन्हा कुणालाही, खुद्द देणाऱ्यालासुद्धा, मागे घेता येऊ नये.

यासाठी दोन वाटा होत्या. एक, कॉपीराइट सोडून देणं. मग कुणीही तो कोड उचलून, चार ओळी बदलून, स्वतःच्या कुलपात ठेवू शकला असता. दुसरी वाट स्टॉलमन यांनी घेतली. कॉपीराइट घट्ट धरून ठेवायचा आणि त्याच्याच जोरावर वाटण्याची सक्ती करायची. कॉपीराइटचा कायदा म्हणतो की मालकाच्या परवानगीवाचून नक्कल नाही, बदल नाही, वाटप नाही. जीपीएल ही मनाई तशीच उभी ठेवतं आणि तिच्यात एक दार करतं: ज्या हक्कांनिशी तुम्हाला मिळालं, त्याच हक्कांनिशी पुढे द्या, मग हवं ते करा. याला कॉपीलेफ्ट असं नाव पडलं. सरकारकडे नवा कायदा मागितला नाही, संसदेत विधेयक नेलं नाही. जगभर आधीच लागू असलेल्या कायद्यात राहून त्याची दिशा फिरवली. राजकीय कृती म्हणून मला ही गेल्या पन्नास वर्षांतली फार मोठी गोष्ट वाटते.

प्रस्तावनेतला आवाज ‘आम्ही’चा आहे. आम्ही तुमचे हक्क दोन पावलांनी राखतो: सॉफ्टवेअरवर कॉपीराइट ठेवतो, आणि हा परवाना देतो. आम्ही पैसे घ्यायला मनाई करत नाही. हे शेवटचं वाक्य पुष्कळांच्या नजरेतून सुटतं. स्टॉलमन स्वतः १९८५ मध्ये इमॅक्सची टेप १५० डॉलरना विकत असत, पुढे त्यांची फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था ती विकू लागली. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स पहिल्यांदा दिलं तेव्हाच्या त्यांच्या स्वतःच्या अटींत पैसे घ्यायला बंदी होती. १९९२ च्या सुरुवातीला त्यांनी ती काढली आणि जीपीएल घेतलं. त्यामुळे लिनक्सच्या फ्लॉप्या आणि सीडी विकणारे उभे राहिले, पुढे कंपन्या उभ्या राहिल्या. पैशावर बंदी असती तर लिनक्स हौशी लोकांच्या वर्तुळात राहिलं असतं असं मला वाटतं.

प्रस्तावना संपून कलमं सुरू झाली की ‘आम्ही’ नाहीसे होतात. कलम शून्य सांगतं की यापुढे परवाना घेणाऱ्याला ‘तुम्ही’ म्हटलं जाईल. त्याच कलमात दोन ओळींत एक प्रचंड गोष्ट उरकली आहे: प्रोग्राम चालवण्यावर कसलंही बंधन नाही. नक्कल, बदल आणि वाटप एवढंच या परवान्याचं क्षेत्र, बाकी सगळं त्याच्या बाहेर. म्हणजे घरात बसून प्रोग्राम वापरणाऱ्याकडून, स्वतःपुरता बदलणाऱ्याकडून, तो काही म्हणजे काही मागत नाही. शाळा असो, बँक असो, सैन्य असो.

सैन्य असो, हे अनेकांना झोंबतं. २०१९ मध्ये हिपोक्रॅटिक लायसन्स नावाचा एक परवाना निघाला. मानवी हक्कांचं उल्लंघन करणाऱ्यांना प्रोग्राम वापरायला त्यात मनाई होती. हेतूविषयी शंका घ्यायला जागा नाही. पण ओपन सोर्सच्या व्याख्येत वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव चालत नाही, म्हणून तो त्या व्याख्येत बसत नाही, आणि मी कलम शून्याच्या बाजूचा आहे. वापर कोणता चांगला आणि कोणता वाईट हे ठरवण्याचा अधिकार प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती दिला, की तो उद्या प्रत्येक मालकाच्या हाती जातो. युद्ध थांबवायचं काम लोकांनी सरकारकडून करून घ्यायचं असतं. ते परवान्याच्या गळ्यात बांधलं तर दोन्ही कामं बिघडतात.

कलम दोनमधलं पोटकलम ‘ब’ हा मजकुराचा कणा. प्रोग्रामवर आधारलेलं जे काही तुम्ही वाटाल किंवा प्रसिद्ध कराल, ते सगळंच्या सगळं याच परवान्याखाली, सर्वांना, परवान्याचं मोल न घेता द्यायचं. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर लिनक्सला कर्करोग म्हणाले ते याच अटीवरून. मला विरजणाची उपमा जास्त खरी वाटते. विरजण लावलेलं दूध सगळं दही होतं, आणि त्या दह्यातून शेजारणीला पुन्हा विरजण देता येतं. शेजारी फळीवर ठेवलेल्या दुधाच्या पातेल्याला काही होत नाही, आणि तेही या कलमात स्पष्ट लिहिलं आहे: दुसरा स्वतंत्र प्रोग्राम एकाच डिस्कवर नुसता बाजूला ठेवला म्हणून तो या परवान्याखाली येत नाही.

आता दोष. ‘आधारलेलं’ म्हणजे किती आधारलेलं? दोन प्रोग्राम चालताना एकमेकांशी बोलतात, एक दुसऱ्याची लायब्ररी वापरतो, तेव्हा ते एक काम की दोन? मजकूर कॉपीराइट कायद्यातल्या व्युत्पन्न कृतीच्या कल्पनेकडे बोट दाखवतो आणि थांबतो, आणि ती कल्पना देशोदेशी वेगळी. इतर कलमांची घट्ट वीण पाहिल्यावर इथला सैलपणा डोळ्यांत भरतो. टॉरवाल्ड्स यांना लिनक्सच्या परवान्याच्या फाइलवर स्वतःची टीप जोडावी लागली, की नेहमीच्या मार्गानं गाभ्याच्या सेवा वापरणारे प्रोग्राम त्याच्यावर आधारलेले मानले जाणार नाहीत. ती टीप नसती तर लिनक्सवर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर टांगती तलवार राहिली असती.

हा प्रश्न आपल्या अक्षरांपर्यंतही आला होता. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांना लोहित हा देवनागरी फॉन्ट ओळखीचा आहे. रेड हॅट या कंपनीनं तो २००४ मध्ये जीपीएलखाली मोकळा केला. पण फॉन्ट हा कागदपत्रात शिरतो. पीडीएफ बनवताना त्याची अक्षरं त्या फाइलमध्येच बांधली जातात. मग तुमचं पत्र, तुमची कादंबरी, फॉन्टवर ‘आधारलेली’ झाली का? यावर उपाय म्हणून फॉन्टच्या परवान्याला खास अपवाद जोडायची पद्धत पडली, की नुसत्या फॉन्टमुळे दस्तऐवज जीपीएलखाली येणार नाही. २०११ मध्ये लोहित ओपन फॉन्ट लायसन्सखाली गेला आणि वाद उरला नाही. प्रोग्रामसाठी बेतलेलं वस्त्र अक्षरांना बसत नव्हतं, ते मान्य करून बदललं, हे योग्यच झालं.

कलम तीन व्यवहाराचं आहे आणि मला त्यातली दूरदृष्टी अचंब्याची वाटते. यंत्राला कळणारा प्रोग्राम दिलात तर माणसाला कळणारा सोर्स कोडही द्या. सोबत नाही दिलात तर किमान तीन वर्षं टिकणारं लेखी वचन द्या, की जो कुणी मागेल त्याला तो पोचवण्याच्या खर्चात मिळेल. विकत घेणाऱ्यालाच असं नाही, कुणालाही. राउटरच्या खोक्यातून पडणारी बारीक टाइपातली पत्रिका म्हणजे हेच वचन. आणि कोड कशावर द्यायचा? सॉफ्टवेअरची देवाणघेवाण रूढपणे ज्यावर होते अशा माध्यमावर. १९९१ मध्ये तो शब्द टेप किंवा फ्लॉपी असा लिहिला गेला असता तर मजकूर दहा वर्षांत जुनाट झाला असता. ‘रूढपणे’ या एका शब्दानं तो टेप, फ्लॉपी आणि सीडी ओलांडून आजवर आला.

त्याच कलमात सोर्स कोडची व्याख्या आहे. संपूर्ण मजकुरातून एकच वाक्य ठेवायची पाळी आली तर मी हे ठेवीन. सोर्स कोड म्हणजे त्या कृतीचं असं रूप, ज्यात बदल करायला माणूस पसंती देईल. भाषेचं नाव नाही, फाइलचा प्रकार नाही, तंत्राचा उल्लेखच नाही. व्याख्या बसवली आहे ती काम करणाऱ्या माणसाच्या सवयीवर. समजा कंपनीनं कोडमधल्या सगळ्या टिपा काढल्या, चलांची अर्थपूर्ण नावं पुसून अ, ब, क केली, सगळ्या ओळी एकीत कोंबल्या आणि म्हटलं, घ्या सोर्स कोड. यंत्राच्या दृष्टीनं तो अगदी बरोबर. पण तुमचा स्वतःचा प्रोग्रामर सकाळी येऊन ही फाइल उघडतो का? उघडत नसेल तर हा सोर्स कोड नव्हे. पळवाट शोधणाऱ्याला त्याच्याच टेबलाशी नेऊन उभं करणारी व्याख्या आहे ही.

व्याख्या तिथेच थांबत नाही. पूर्ण सोर्स म्हणजे सगळे भाग, आणि शिवाय प्रोग्राम तयार करून तो बसवण्याच्या स्क्रिप्टसुद्धा. ‘बसवण्याच्या’ हे नीट लक्षात ठेवा. त्यावरून पुढे कोर्टापर्यंत भांडण गेलं.

मग येतं कलम पाच. तुम्ही यावर सही केलेली नाही, तेव्हा हा परवाना मान्य करायला तुम्ही बांधील नाही, असं ते सरळ सांगतं. कुठल्या करारात असं वाक्य असतं? पुढची दोन वाक्यं: मात्र प्रोग्राम बदलायची किंवा वाटायची परवानगी तुम्हाला दुसऱ्या कशानंही मिळत नाही, परवाना मान्य नसेल तर या गोष्टी कायद्यानं निषिद्ध आहेत. आणि शेवटचं: म्हणून तुम्ही बदल किंवा वाटप केलंत, की त्या कृतीनंच मान्यता दिलीत. चार वाक्यं, आवाज कुठे चढत नाही, धमकी नाही. पण प्रतिवादीची सगळी दारं एकामागून एक लागलेली असतात. परवाना खरा मानावा तर अटी पाळायच्या. खोटा म्हणावा तर मग तुम्ही वाटत होतात ते कुठल्या हक्कानं?

हा युक्तिवाद म्युनिकच्या जिल्हा न्यायालयात २००४ मध्ये प्रत्यक्ष घडला. हाराल्ड वेल्टे हे लिनक्समधल्या नेटफिल्टर या भागाचे एक लेखक. सीटेकॉम ही कंपनी तो कोड आपल्या राउटरमध्ये घालून विकत होती, सोर्स न देता आणि परवान्याचा मजकूर न जोडता. वेल्टे यांनी आधी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला, आणि मे महिन्यातल्या निकालानं तो कायम झाला. न्यायालयानं जीपीएलला जर्मन कायद्यातल्या ठरावीक व्यापारी अटींच्या कसोटीवर तपासलं. मजकूर इंग्रजीत आहे म्हणून तो बाद ठरत नाही, कारण या धंद्याची ती नेहमीची भाषा आहे, असं म्हटलं. आणि परवाना अवैध मानला तरी कंपनीला वाटपाचा हक्क मिळत नाही, हेही सांगितलं. बोस्टनच्या एका छोट्या संस्थेचा कागद, वकिलीची सनद नसलेल्या माणसाचा हात त्यावर फिरलेला, आणि युरोपातलं एक न्यायालय त्यातल्या कलमांवर निकाल देतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता.

अमेरिकेत डॅनियल वॉलेस नावाच्या गृहस्थांनी उलट्या बाजूनं दावा लावला होता. सगळे मिळून सॉफ्टवेअरची किंमत शून्य ठेवतात, हा स्पर्धा कायद्याचा भंग आहे, आणि मला स्पर्धक म्हणून उभं राहता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. २००६ मध्ये अपिलात न्यायमूर्ती ईस्टरब्रूक यांनी ते फेटाळलं. स्पर्धा कायदा ग्राहकाच्या हितासाठी आहे, आणि इथे ग्राहकाचं नुकसान कुठेच दिसत नाही.

कलम चार आणि सहा जोडीनं वाचावीत. अटी मोडल्यात की तुमचे हक्क आपोआप संपले, असं चौथं सांगतं. पण तुमच्याकडून ज्यांनी घेतलं आणि जे अटी पाळताहेत त्यांचे हक्क अबाधित. हे कसं शक्य होतं ते सहाव्यात आहे. प्रोग्राम हातोहात जात असला, तरी परवाना प्रत्येकाला थेट मूळ लेखकाकडून मिळतो. मधल्या माणसाकडून काही मिळतच नाही, मग तो काढून काय घेणार? इमॅक्सच्या वेळी सलणारा काटा इथे निघाला. चौथ्या कलमाची कडक बाजू मात्र मला पटत नाही. पहिल्या चुकीला सगळे हक्क गेले आणि परत कसे मिळवायचे याचा शब्द नाही. चूक सुधारू पाहणाऱ्यालाही लेखकांच्या मर्जीवर राहावं लागतं, आणि लिनक्समध्ये लेखक हजारोंनी आहेत. पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं: पहिल्यांदाच चूक झाली असेल आणि नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त केली, तर हक्क पुन्हा मिळतात.

सातवं कलम म्हणजे या मजकुराचं नाट्य. पेटंटमुळे किंवा कोर्टाच्या हुकमामुळे तुमच्यावर अशी अट आली की प्रोग्राम पुढे देताना इतरांचं स्वातंत्र्य कमी करावं लागेल, तर काय करायचं? कमी स्वातंत्र्यानिशी द्यायचं का? कलम म्हणतं, मग अजिबात द्यायचं नाही. दोन्ही बंधनं एकदम पाळता येत नसतील तर वाटपच थांबवा. स्वातंत्र्य किंवा मृत्यू, असं टोपणनाव या कलमाला पडलं ते यामुळे. तडजोड केली की वरकरणी प्रोग्राम जगतो, आणि त्या तडजोडीच्या आधारानं पेटंटधारक एकेकाला गाठून वेगळा पाडतो. सगळ्यांना किंवा कुणालाच नाही, एवढंच उत्तर त्याला रोखू शकतं. इतकं टोकाचं सांगून झाल्यावर कलमाचा शेवट किती संयमानं होतो ते पाहा. इतर कलमांतून जे निघतंच असं समजलं जातं, ते पुरतं स्पष्ट करण्यासाठी हे लिहिलं आहे, एवढंच. नवी अट घातलेली नाही, असलेलीच उलगडून दाखवली. आपल्याकडच्या भाष्यकारांचीही हीच रीत होती.

पेटंटांचं हे भय आपल्याकडेही येऊन गेलं. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. २००४ च्या अखेरच्या वटहुकमानं ते दार किलकिलं केलं होतं. २००५ च्या दुरुस्ती कायद्यात संसदेनं तो बदल येऊ दिला नाही. सातव्या कलमाची आपल्याला फारशी गरज पडली नाही, त्यात या निर्णयाचा वाटा आहे.

दहाव्या कलमात ‘आम्ही’ परत येतात. आमच्या प्रोग्रामसाठी वेगळी परवानगी हवी असेल तर आम्हाला लिहा, आम्ही कधी कधी अपवाद करतो, आणि तेव्हा दोन उद्दिष्टं समोर ठेवतो. इतक्या कलमांच्या अलिप्त स्वरानंतर माणूस पुन्हा बोलतो. लिहायचा पत्ता मजकुराच्या माथ्यावर छापलेला असे. तो पत्ता बदलत गेला. जुन्या प्रतींवर केंब्रिजचा मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यू आहे, मग बोस्टनचा टेंपल प्लेस, मग फ्रँकलिन स्ट्रीट. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये परवान्याची फाइल सापडली की मी आधी पत्ता बघतो. ती प्रत साधारण कधीची ते कळतं.

अकरा आणि बारा ही हमी नाकारणारी कलमं, ठळक मोठ्या लिपीत, सगळ्या परवान्यांत असतात तशी. त्यांच्यापाशी थांबायचं कारण नाही. त्यानंतरचं परिशिष्ट मात्र सोडू नका. हा परवाना आपल्या प्रोग्रामला कसा लावायचा याचा नमुना तिथे आहे. नमुन्यातल्या प्रोग्रामचं नाव ग्नोमोव्हिजन, लेखक जेम्स हॅकर, त्याला नोकरीवर ठेवणारी कंपनी योयोडाइन, आणि कंपनीतर्फे कॉपीराइट सोडतोय म्हणून सही करणारे गृहस्थ टाय कून. खाली तारीख १ एप्रिल १९८९. तरीही यातली सूचना पूर्ण गंभीर आहे: तुम्ही नोकरी करत असाल तर मालकाकडून लेखी हक्कसोड घ्या, नाहीतर उद्या तुमचा कोड तुमचा राहणार नाही. थट्टेच्या कपड्यांत दिलेला हा सल्ला पुण्या-बंगळूरच्या प्रत्येक नव्या इंजिनिअरनं नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी वाचावा असं मला मनापासून वाटतं.

एक ओळ मी मागे ठेवली होती. मजकुराच्या माथ्यावरच लिहिलं आहे की या परवान्याच्या जशाच्या तशा प्रती कुणीही काढाव्यात आणि वाटाव्यात, पण त्यात बदल करायला परवानगी नाही. बदलण्याचं स्वातंत्र्य देणारा मजकूर स्वतः बदलता येत नाही. यात विसंगती आहे असं म्हणणारे भेटतात. मला ती दिसत नाही. प्रत्येकानं आपापली कलमं घुसडली असती तर एकाचा कोड दुसऱ्यात मिसळताच आला नसता. पण मग राजकीय प्रश्न उभा राहतोच: बदल करायचा अधिकार कुणाचा? नववं कलम तो फाउंडेशनला देतं. ही किंवा यापुढची कोणतीही आवृत्ती, असं प्रोग्रामवर लिहिलं असेल तर घेणाऱ्याला निवड करता येते. टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सपुरतं ते मान्य केलं नाही. दुसरी आवृत्ती, तेवढीच. न लिहिलेल्या मजकुरावर आगाऊ विश्वास ठेवायला त्यांनी नकार दिला.

तिसरी आवृत्ती आली २९ जून २००७ ला. स्टॉलमन आणि कायद्याचे प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनी मसुदा जानेवारी २००६ मध्ये लोकांपुढे ठेवला. त्यावर दीड वर्ष चर्चा झाली. चार मसुदे निघाले, परिषदा झाल्या: केंब्रिज, पोर्तो आलेग्रे, बार्सिलोना, टोकियो, आणि ऑगस्ट २००६ मध्ये बंगळूरच्या आयआयएममध्ये. खासगी संस्थेचा एक परवाना इतक्या उघडपणे घडला, एवढ्यासाठी तरी मला ती आवृत्ती आदरणीय वाटते. कायद्याच्या दृष्टीनं ती सरस आहे. पेटंटची सोय आहे, देशोदेशीच्या कायद्यांत अडकणारे शब्द टाळले आहेत. आणि टिवोचा बंदोबस्त आहे. टिवो हे टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारं यंत्र. त्यात लिनक्स होतं, सोर्सही मिळायचा, पण तुम्ही बदललेला प्रोग्राम ते यंत्र चालवूच देत नसे. तिसरी आवृत्ती सांगते की घरगुती वस्तूत प्रोग्राम देत असाल तर बदललेला प्रोग्राम बसवण्याची माहितीही द्या. गद्य म्हणून मात्र मी दुसऱ्या आवृत्तीकडेच वळतो. तिसरी दुपटीच्या आसपास लांब आहे, तिच्यात जागोजागी भिंती बांधलेल्या दिसतात. दुसरीत एक माणूस बोलतो, तिसरीत समिती. लिनक्सच्या प्रमुख प्रोग्रामरांनी तिला विरोध केला आणि गाभा आजही दुसऱ्या आवृत्तीवर आहे.

टिवोचा प्रश्न दुसरीतच सुटलेला होता का? ‘बसवण्याच्या’ स्क्रिप्ट द्या, असं कलम तीन १९९१ पासून म्हणत होतंच. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेनं याच कलमाच्या आधारे २०२१ मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर कॅलिफोर्नियात दावा लावला. मागणी पैशाची नव्हती, सोर्स कोडची होती, आणि ती कोडचा लेखक म्हणून नव्हे, दुकानातून टीव्ही विकत घेतलेला ग्राहक म्हणून केली होती. लेखकांनी ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं तो ग्राहक स्वतः कोर्टात जाऊ शकतो का, हा त्यातला प्रश्न. माझ्या वाचनात उत्तर होकारार्थी आहे. ‘जो कुणी मागेल त्याला’ हे शब्द लेखकासाठी लिहिलेले नाहीत. त्याच्याकडे कोड असतोच.

आणि ती पसंतीच्या रूपाची व्याख्या? कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांना ओपन सोर्स केव्हा म्हणायचं हे ठरवताना ओपन सोर्स इनिशिएटिव्हनं ऑक्टोबर २०२४ मध्ये जी व्याख्या प्रसिद्ध केली, तिच्या मध्यभागी हाच वाक्प्रयोग आहे. मॉडेल म्हणजे अब्जावधी आकडे. त्यात बदल करायला माणूस कोणतं रूप पसंत करेल? त्या संस्थेचं उत्तर असं की आकडे, प्रशिक्षणाचा कोड, आणि कोणत्या मजकुरावर शिकवलं त्याची पुरेशी तपशीलवार माहिती. तो मजकूर स्वतः देण्याची सक्ती मात्र नाही, कारण बराचसा मजकूर दुसऱ्यांच्या कॉपीराइटचा किंवा खासगी असतो. अनेक जुन्या कार्यकर्त्यांना हे मान्य नाही, मलाही नाही. मॉडेल बनवणारी कंपनी स्वतः त्यातली खोड काढायला बसते तेव्हा ती मूळ मजकुराकडे जाते, त्यात भर घालते, वगळते आणि पुन्हा शिकवते. मॉडेल मराठी नीट लिहीत नसेल तर ते सुधारायला मला आधी पाहावं लागेल की त्याला कुठलं मराठी वाचायला दिलं होतं. नुसत्या वर्णनावर ते जमणार नाही. तिसऱ्या कलमाची कसोटी लावायची तर ती पूर्ण लावावी, आणि ज्या मॉडेलचा मजकूर देता येत नाही त्याला दुसरं नाव द्यावं.